दास्यातून करारात : मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांची कहाणी

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटर अंतरावर, मॉरिशस हे लहानसे बेट वसलेले आहे. या बेटाच्या इतिहासात दोन तारखांना मोठे महत्त्व आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात येऊन पोहोचले आणि त्यातून उसाच्या मळ्यावर काम करण्यासाठी करारबद्ध झालेले छत्तीस भारतीय मजूर उतरले. पुढे तीनच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, याच बेटावर गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. या दोन तारखांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जुना मजूर मोकळा होण्यापूर्वीच त्याच्या जागी उभा करावयाचा नवा मजूर धक्क्याला लागलेला होता. गुलामगिरी गेल्यावर मळ्यांचे काय झाले, आणि मळ्यांवर राबणाऱ्या माणसांचे काय झाले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या क्रमातच सामावलेले आहे.

ऊस या बेटावर प्रथम डचांनी आणला, तो १६३९ साली, जावा बेटातून. १७१० साली डच हे बेट सोडून गेले आणि १७१५ साली फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला. १७३५ साली माहे द ला बूर्दोने हा कर्तबगार गव्हर्नर येथे आला. त्याने पोर्ट लुईचे बंदर उभारले, रस्ते बांधले, साखरेचा कारखाना काढला. या साऱ्या उभारणीमागे हात होते ते गुलामांचे. मादागास्कर, मोझांबिक आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथून, आणि काही प्रमाणात भारताच्या किनाऱ्यावरूनही, माणसे धरून किंवा विकत घेऊन येथे आणली जात. एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा बेटावरील लोकसंख्येत गुलामांचा वाटा तीन-चतुर्थांशांहून अधिक होता.

या गुलामांचे जीवन १७२३ सालच्या फ्रेंच फर्मानाने नियंत्रित केलेले होते. त्या फर्मानाप्रमाणे गुलाम ही जंगम मालमत्ता होती. त्याला स्वतःच्या मालकीचे काही ठेवता येत नसे, आणि मूल जन्मास येई ते आईच्या धन्याच्या मालकीचे होऊन. पळून गेलेला गुलाम महिनाभर सापडला नाही, तर पकडल्यावर त्याचे कान कापावेत आणि खांद्यावर तप्त मुद्रा उठवावी. दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची शीर तोडावी. तिसऱ्यांदा पळाल्यास देहान्त शासन द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तरीही गुलाम पळत, आणि सातत्याने पळत. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ वर उठलेला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. त्याच्या कड्याकपाऱ्यांत या पळालेल्या गुलामांनी आपले आसरे केले होते.

स्वातंत्र्याची घोषणा तेवढी पुरेशी नसते, याचा एक धडा या बेटाने अठराव्या शतकातच दिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या भरात पॅरिसच्या राष्ट्रीय परिषदेने १७९४ साली सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. तो निर्णय अमलात आणण्यासाठी १७९६ साली दोन अधिकारी मॉरिशसला आले. मळेवाल्यांनी त्यांना थारा दिला नाही. आल्या वाटेने परत पाठविले. पुढे १८०२ साली नेपोलियनने गुलामगिरीला पुन्हा मान्यता दिली आणि मळेवाल्यांचा हट्ट कायदेशीर ठरला.

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट जिंकले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार त्यापूर्वीच, १८०७ साली, बंद झालेला होता. परंतु मॉरिशसच्या किनाऱ्यावर चोरटी आवक त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. १८२५ साली विलायतेत मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणण्यात आली आणि बेटाचे रूपच पालटले. इतर पिके मागे पडली. जंगल तोडून जमीन उसाखाली आणली जाऊ लागली. म्हणजे ज्या काळात इंग्लंडमध्ये गुलामगिरी नष्ट करण्याची चळवळ जोर धरीत होती, त्याच काळात मॉरिशसच्या मळेवाल्यांची मजुरांची भूक वाढत होती. १८३२ साली गुलामगिरीचा विरोधक म्हणून ख्याती पावलेला जॉन जेरेमी सरकारी वकिलाच्या पदावर येथे आला, तेव्हा मळेवाल्यांनी सारा व्यवहार बंद पाडून त्याला परत जाण्यास भाग पाडले.

अखेर १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद होती आणि ती रक्कम थोडीथोडकी नव्हती. सर्व वसाहतींसाठी मिळून दोन कोटी पौंड मंजूर झाले. त्यांपैकी एकवीस लाखांच्या आसपास पौंड मॉरिशसच्या वाट्याला आले. परंतु ही भरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना. मालमत्ता गमावणाऱ्याला मोबदला मिळाला. आयुष्य गमावणाऱ्याला मिळाला नाही. साठ हजारांहून अधिक माणसे कायद्याने मोकळी झाली, ती रिकाम्या हातांनी.

तीही लगेच मोकळी झाली नाहीत. कायद्याने त्यांच्यासाठी 'उमेदवारी'ची अवस्था निर्माण केली. कालचा गुलाम आज उमेदवार झाला आणि त्याने पूर्वीच्याच धन्याकडे, पूर्वीच्याच शेतात, आणखी काही वर्षे पोटावारी राबावे असे ठरले. स्वातंत्र्याचा उपयोग कसा करावा हे शिकण्यासाठी ही मुदत आहे, असे त्याचे समर्थन केले जाई. मॉरिशसमध्ये ही उमेदवारी ३१ मार्च १८३९ रोजी संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांनी जे केले ते अगदी स्वाभाविक होते. त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. कोणी समुद्रकाठी मासेमारी करू लागले, कोणी सुतारकाम-गवंडीकाम पत्करले, कोणी गाठीच्या पैशाने जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन भाजीपाला पिकवू लागले. मळेवाल्यांनी यावर आळशीपणाचा शिक्का मारला. पण ज्या शेतात आपल्या आईबापांना चाबकाखाली राबताना पाहिले, त्या शेताची वाट टाळणे हा आळस नव्हे. मोकळ्या माणसाचा तो पहिला निर्णय होता.

आता मजूर हवे होते, आणि ते स्वस्त हवे होते. येथे भारताचा संबंध येतो. अ‍ॅटलस जहाजावरील मजुरांना हंटर, आर्बथनॉट आणि कंपनी या पेढीने कलकत्त्यात भरती केले होते. मुदत पाच वर्षांची, पगार दरमहा पाच रुपये, शिवाय ठराविक शिधा आणि कपडे, असा तो करार होता. दप्तरात या लोकांना 'धांगड' असे म्हटले आहे. हे छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील आदिवासी होत. महाराष्ट्रातील धनगरांशी त्यांचा संबंध नाही. हा प्रयोग मळेवाल्यांना मानवला. पाच वर्षांच्या आत वीस हजारांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले.

या भरतीतील फसवणुकीच्या आणि जहाजांवरील हालांच्या वार्ता कलकत्त्यात व लंडनमध्ये पोहोचल्या, चौकशी समिती नेमली गेली आणि १८३९ साली हे स्थलांतर बंद करण्यात आले. वसाहतींचे मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनीच १८४० साली हा प्रकार गुलामगिरीची नवी पद्धत ठरेल अशी भीती बोलून दाखविली होती. परंतु साखरेचे हितसंबंध भीतीपेक्षा बलवत्तर ठरले. १८४२ साली सरकारी देखरेखीची अट घालून मॉरिशसची वाट पुन्हा खुली झाली आणि १८४३ या एकाच वर्षी तीस हजारांहून अधिक मजूर तेथे गेले. १९१० पर्यंत एकंदर साडेचार लाखांवर भारतीय पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. मॉरिशसमध्ये यशस्वी ठरलेला हा नमुना पुढे गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरीनाम, फिजी येथवर पोहोचला. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे अनेक वसाहतींतील मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि त्यावर गेलेला मनुष्य गिरमिटिया ठरला.

मॉरिशसला जाणारे मजूर मुख्यतः कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून निघत. सर्वांत मोठा ओघ बिहार आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून कलकत्त्यास येई. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी. परंतु त्यांत रत्नागिरी आणि कोकणच्या इतर भागांतील मराठी माणसे होती. कोकणातील तोकडी शेती, पावसावरचे एकच पीक, डोक्यावरील कर्ज आणि मुंबईला जाऊन पोट भरण्याची आधीच पडलेली सवय, ही कारणे कोणाही मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. मुंबईच्या वाटेवर निघालेल्यांपैकी काहींची वाट अशी समुद्रापलीकडे गेली. आजही मॉरिशसमध्ये मराठी वंशाचा समाज नांदतो आहे. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील कास्काव्हेल येथे त्यांचे जुने देऊळ आहे, कोकणच्या जाखडीशी नाते सांगणारी 'झाकरी' तेथे गायिली-नाचली जाते, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

करारावर गेलेला मजूर आणि गुलाम यांत भेद नव्हता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कराराला मुदत होती. मजुराला पगार होता, निदान कागदावर होता. त्याची विक्री होत नसे. त्याची मुले धन्याची मालमत्ता होत नसत. तो न्यायालयात फिर्याद करू शकत असे. हे भेद लहान नव्हेत. परंतु मळा तोच होता. राहावयाच्या कोठड्या त्याच होत्या. मुकादमाची हाक आणि पहाटेची घंटा तीच होती. गुलामांना राबविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, तेच मालक आणि तेच व्यवस्थापक आता करारबद्ध मजुरांना राबवीत होते. त्यांच्या हातचा चाबूक कायद्याने काढून घेतला. त्या जागी त्यांच्या हाती कागद आला.

या कागदाची रचना समजून घेतल्याखेरीज ती पद्धती समजत नाही. मजूर धक्क्यावर उतरला की त्याला प्रवासी डेपोत नेत. ट्रू फांफारों या जागी १८४९ साली हा डेपो स्थापन झाला. तेथे कारकून त्याचे नाव, वय, गाव, जात आणि अंगावरील खुणा नोंदवी. नाव कानावर पडेल तसे रोमन लिपीत उतरविले जाई आणि पुष्कळदा तेच पुढील पिढ्यांचे आडनाव होऊन बसे. प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक तिकीट मिळे. मग मळ्यावर रवानगी होई. मळ्यावर 'दुहेरी कपाती'चा नियम होता : एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. आजारपणाचा दिवस आणि गैरहजेरीचा दिवस यांतील सीमारेषा व्यवस्थापक आपल्या सोयीने आखी. पगार महिनोन्‌महिने थकत. महिन्याअखेर काही मजुरांच्या हाती येई ती उणे बाकी. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्कही पुढे काढून घेण्यात आला, आणि मजूर करार पुन्हा लिहून देण्यास प्रवृत्त होईल अशी व्यवस्था झाली.

सर्वांत जाचक कायदा आला तो १८६७ साली. तो वर्षारंभापासूनच भयंकर होता. हिवतापाच्या साथीने त्या एका वर्षात तीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्याच वर्षी सरकारने नियम केला, तो कराराची मुदत पुरी केलेल्या 'जुन्या' प्रवाशांसाठी. ज्याने पाच वर्षांचा करार पाळला, जो कायद्याने पूर्ण स्वतंत्र होता, अशा माणसाने आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सतत जवळ बाळगावा, जिल्हा बदलताना त्याची नोंद करावी, अन्यथा त्याला भटक्या समजून अटक होईल, असे ठरले. मागणी केल्यास कोणालाही तिकीट दाखवावे लागे. घरी विसरले, पावसात भिजले, हरवले, तर कोठडी. हजारो माणसे अशी पकडली गेली. मळ्याबाहेर राहणे इतके अवघड करून ठेवावे की माणसाने आपण होऊन मळ्यावर परत यावे, हा त्यामागील हेतू लपून राहण्यासारखा नव्हता. जुन्या फर्मानात पळालेल्या गुलामाचे कान कापण्याची शिक्षा होती. नव्या कायद्यात कान शाबूत राहिले, पण आपल्या पायांनी हवे तिकडे जाण्याचा हक्क पुन्हा हिरावला गेला.

या अन्यायाला वाचा फुटली ती एका अनपेक्षित माणसाच्या मदतीने. आदोल्फ द प्लेव्हित्झ हा मूळच्या प्रशियन घराण्यातील गृहस्थ सासऱ्याच्या मळ्याची व्यवस्था पाहण्यासाठी मॉरिशसमध्ये राहिला होता. त्याने जुन्या प्रवाशांच्या तक्रारी ऐकल्या आणि राजरत्नम मुदलियार यांच्या साह्याने त्यांचा अर्ज तयार केला. १८७१ सालच्या त्या अर्जावर ९,४०१ सह्या व अंगठे होते. ज्यांच्या हालचालींवर पहारा होता, अशा नऊ हजारांहून अधिक माणसांनी गावोगावी एकत्र येऊन तो पुरा केला, हे विसरता येत नाही. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी अर्जाची दखल घेतली. मळेवाले मात्र खवळले. द प्लेव्हित्झला भर रस्त्यात मारहाण झाली. त्याला बेटाबाहेर घालवा अशी मागणी झाली. परंतु लंडनहून राजकीय आयोग आला. फ्रिअर आणि विल्यमसन या सदस्यांनी १८७५ साली दिलेल्या विस्तृत अहवालात थकलेले पगार, दुहेरी कपातीचा दुरुपयोग आणि तिकिटांचा छळ यांवर सरकारी शिक्कामोर्तब झाले. १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. द प्लेव्हित्झला मात्र त्यापूर्वीच बेट सोडावे लागले होते.

पद्धतीतील दोष दूर करणे ही एक गोष्ट आणि पद्धतीच चुकीची आहे असे म्हणणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट भारताच्या केंद्रीय कायदेमंडळात ठामपणे मांडली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. ज्या मुलखातून मजूर गेले त्याच मुलखातील हा सुपुत्र. १९१० साली त्यांनी नाताळला करारी मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही संपूर्ण पद्धतीच बंद करावी असा ठराव आणला. कराराच्या अटी मजुराला समजतच नाहीत. लहानसहान कसुरीसाठी त्याला दिवाणी नव्हे तर फौजदारी शिक्षा होते. आणि या पद्धतीने साऱ्या देशाची मानहानी होते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. बिगरसरकारी भारतीय सदस्य त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तरी सरकारी बहुमताने ठराव फेटाळला गेला. १९१५ साली गोखले निवर्तले. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. सरकारला तत्त्वतः ती मान्य करावी लागली आणि १९१७ साली भारतातून करारी मजुरांची रवानगी थांबली. मॉरिशसची आवक तत्पूर्वीच, १९१० साली, बंद झाली होती.

परंतु मॉरिशसमधील भारतीय मजूर केवळ कायद्यांमुळे वर आला, असे म्हटल्यास ते अपुरे ठरेल. त्याला खरा आधार दिला तो जमिनीने. युरोपातील बीटच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव उतरले, तेव्हा १८८०च्या सुमारापासून मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे कडेचे, कमी कसाचे तुकडे विकावयास काढले. पै पै साठविलेल्या भारतीयांनी ते हप्त्याहप्त्याने घेतले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत उसाखालील जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जमीन भारतीयांकडे आली होती. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आली, त्याला परवान्याची भीती उरली नाही. त्याने मुले शाळेत घातली, पुढे मतदानाचा हक्क मागितला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा पंतप्रधानपदी सर शिवसागर रामगुलाम होते. ते एका भारतीय मजुराचे पुत्र.

या यशोगाथेला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगणे सचोटीचे ठरेल. १८३९ साली मोकळ्या झालेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांना आपल्या श्रमाची योग्य किंमत मागण्याची एक संधी आली होती. मजुरांचा तुटवडा कायम राहता, तर मळेवाल्यांना ती किंमत देणे भाग पडले असते. हजारो भारतीयांच्या येण्याने ती संधी हुकली. यात भारतीय मजुराचा दोष नव्हता. त्याला या हिशेबाची कल्पनाही नव्हती. पण एका बांधलेल्या माणसाचा उपयोग दुसऱ्या मोकळ्या झालेल्या माणसाचे मोल पाडण्यासाठी केला गेला, हे सत्य उरते. गुलामांच्या वंशजांच्या हाती जमीन थोडी आली, आणि आलेलीही पुष्कळदा टिकली नाही. २००९ साली मॉरिशसने सत्य आणि न्याय आयोग नेमला. १८३५ नंतर पावणेदोनशे वर्षे लोटली तरी त्याच्यापुढे आलेल्या गाऱ्हाण्यांत हिरावलेल्या जमिनींची गाऱ्हाणी ठळक होती.

आज मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुटी असते. प्रवासी डेपोची जागा 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ साली, आणि ल मॉर्नचा डोंगर २००८ साली, जागतिक वारशाच्या यादीत आला. ल मॉर्नविषयी एक दंतकथा सांगतात : गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला पकडावयास येत आहेत असे समजून वर लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. घटना घडली असो वा नसो, त्या माणसांना सरकारी घोषणेवर किती विश्वास उरला होता हे त्या कथेतून कळते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जतन करून ठेवलेली आहेत. आपले पूर्वज कोणत्या गावचे, कोणत्या जहाजाने आले, हे शोधण्यासाठी लोक तेथे जातात. ज्या छायाचित्रावरून पोलीस माणूस ओळखून अटक करीत, तेच आज कित्येक कुटुंबांजवळ आपल्या पणजोबांचे एकमेव चित्र आहे. गुलामांच्या वंशजांना एवढेही लाभत नाही. त्यांच्या पूर्वजांच्या नोंदीत बहुधा धन्याने ठेवलेले नाव, वय आणि अंगावरील खूण एवढेच असते. एकाच मळ्यावर, एकामागून एक राबलेल्या या दोन समाजांपैकी एकाला आपले गाव सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही. मॉरिशसच्या साखरेचा हिशेब मांडताना ही बाकीही मांडली पाहिजे.